भर उन्हातली नदीवरची गळ-स्पर्धा: पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

शनिवार-रविवारची क्लबची स्पर्धा गारव्यात असो की कडक उन्हात, नियम बहुतेक तेच राहतात. बदलते ते पाणी. १० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळून राहू शकतो. २० अंशांना तो ९.१ वर येतो, २५ ला ८.३ वर आणि ३० ला जेमतेम ७.६ वर. त्यातच माशाचे शरीर पाण्याच्या तापमानावर चालते, त्यामुळे पाणी तापले की त्याला ऑक्सिजन जास्त लागतो. गरज वाढते तेव्हाच पुरवठा आटतो. कुठल्या जागेत मासा असेल, चारा किती टाकायचा, दोरा किती जाड लावायचा, पकडलेले मासे ठेवायचे कीपनेट कुठे बांधायचे, वजन कधी करायचे, या सगळ्यांचे उत्तर उन्हाळ्यात याच एका हिशेबातून निघते.

स्पर्धा कशी चालते

नदीचा काठ साधारण १५ ते २० मीटरच्या अंतराने आखलेला असतो. प्रत्येक जागेला क्रमांक असतो आणि त्या जागेला पेग म्हणतात. सकाळी चिठ्ठ्या काढून पेग ठरतात. जी जागा वाट्याला येईल तिथेच बसायचे, बदलून मिळत नाही. पहिली शिट्टी झाल्याशिवाय पाण्यात गळ जात नाही, आणि बऱ्याच ठिकाणी चाराही जात नाही. शेवटची शिट्टी झाली की गळ बाहेर. मधले चार-पाच तास जे मासे लागतील ते कीपनेटमध्ये, म्हणजे पाण्यातच ठेवलेल्या लांबट, कड्यांच्या जाळीत, जिवंत ठेवायचे. शेवटी एकूण वजन करायचे आणि सगळे परत नदीत सोडायचे.

दोन दिवसांच्या स्पर्धेत बहुधा विभागवार गुण असतात. दहा पेगांचा एक विभाग धरा. त्यात सर्वांत जास्त वजन असलेल्याला १ गुण, दुसऱ्याला २, असे करत शेवटच्याला १०. दोन दिवसांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो जिंकला. शनिवारी तिसरा आणि रविवारी दुसरा आलेल्याचे ५ गुण होतात. शनिवारी पहिला येऊन रविवारी सातवा घसरलेल्याचे ८. म्हणून नवख्याने पहिल्या दिवसापासून एकच ध्येय ठेवावे: रिकामे कीपनेट उचलायचे नाही. तीस-चाळीस ग्रॅमच्या बारक्या माशांना कमी लेखू नका. असे शंभर मासे म्हणजे तीन-चार किलो, आणि तापलेल्या, उतरलेल्या नदीत तीन-चार किलोवर विभाग जिंकला जाऊ शकतो.

काही गोष्टी आधीच लेखी विचारून घ्या. शेवटच्या शिट्टीआधी गळाला लागलेला पण अजून पाण्यात असलेला मासा धरतात का? काही ठिकाणी ठरावीक मिनिटांत तो बाहेर काढायची मुभा असते, काही ठिकाणी शिट्टीच्या क्षणी तो पाण्याबाहेर असावा लागतो. कुठल्या जातीचे मासे कीपनेटमध्ये ठेवायचे नाहीत? मेलेला मासा मोजतात का? आमिषाच्या आणि चाऱ्याच्या प्रमाणाला मर्यादा आहे का? यांतल्या एकाही बाबतीत अंदाजाने चालू नका, कारण इथे चूक झाली तर दिवसभराचे वजन बाद होते.

आदल्या दिवसाची तयारी

सामान थोडे पण नेमके घ्या. नदीवर दोन पद्धती येत असल्या की भागते: वाहत्या पाण्यात फ्लोट, म्हणजे ओढ दाखवणारी तरंगती खूण, सोडणे आणि तळाशी फीडर, म्हणजे चारा भरलेली छोटी जाळीदार डबी, ठेवणे. फ्लोटसाठी १३ फुटी रॉड, त्यावर ०.१४ मिमीची मुख्य दोरी आणि पुढे ०.१० ते ०.१२ मिमीचा पुढचा दोरा. फीडरसाठी ११ किंवा १२ फुटी रॉड, ०.२० ची मुख्य दोरी, ०.१४ ते ०.१६ चा पुढचा दोरा. पुढचा दोरा नेहमी मुख्य दोरीपेक्षा नाजूक हवा. अडकले तर तो तुटतो, बाकीची मांडणी हातात राहते आणि मासा दोरीचे लांब शेपूट घेऊन फिरत नाही.

गळ काट्याविना असावा, म्हणजे टोकाशी उलटा काटा नसलेला. तो एका झटक्यात निघतो आणि जाळीतही अडकत नाही. गळाचा क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान. एक-दोन अळ्यांसाठी १८ किंवा १६, मक्याच्या दाण्याला १४, गांडुळाला १२. पुढचे दोरे घरी बसून बांधून ठेवा, प्रत्येक आकाराचे किमान सहा. काठावर घामेजल्या बोटांनी, डोळ्यांत ऊन घेऊन अठरा नंबरचा गळ बांधायला दहा मिनिटे जातात.

पातळ दोऱ्याबद्दल एक इशारा. उन्हाळ्यात पाणी उतरलेले आणि नितळ असते, म्हणून सगळे जण बारीक दोरा लावा म्हणून सांगतात. त्याने मासा लवकर लागतो हे खरे, पण मोठा मासा लागला की पातळ दोऱ्यावर त्याला फार वेळ खेळवावे लागते आणि गरम पाण्यात तोच वेळ त्याच्या जिवावर बेततो. उन्हात ०.१० आणि ०.१२ मध्ये मन दुभंगले तर ०.१२ लावावा.

आता अळ्या. स्पर्धेचे हे मुख्य आमिष, आणि उन्हात सर्वांत आधी बिघडणारेही हेच. पाच तासांना एक ते दोन लिटर अळ्या पुरतात. गरम डब्यात अळ्या घामेजतात, अमोनियाचा उग्र वास सुटतो, अंग चिकट होते, आणि ओल्या झालेल्या अळ्या डब्याच्या भिंतीवरून सरळ चढून बाहेर पडतात. शिवाय उष्णतेने त्यांचे भराभर कोष होऊ लागतात. आदल्या रात्री त्या बारीक चाळणीवर ओता. जिवंत अळ्या स्वतःच जाळीतून खाली उतरतात, मेलेल्या आणि सालपटे वर राहतात. खाली उतरलेल्यांत मूठभर कोरडे मक्याचे पीठ मिसळा, पसरट डब्यात तीन-चार सेंटिमीटरपेक्षा जास्त थर नको, झाकणाला बारीक भोके हवीत. डबा थंडपेटीत ठेवा, बर्फाच्या बाटल्या कापडात गुंडाळून शेजारी. बर्फाला थेट टेकलेल्या अळ्या गारठून निपचित पडतात, गळावर हलत नाहीत.

झालेले कोष टाकू नका, ते उत्तम आमिष आहे. फिकट तांबूस कोष बुडतात, गडद झालेले तरंगतात. पाण्याच्या भांड्यात ओता, तरंगणारे वेगळे काढा, बुडणारे गार पाण्यात ठेवा. मात्र कोषही श्वास घेतात, त्यामुळे ते पाणी अधूनमधून बदलावे लागते, नाहीतर आंबतात.

तळाशी टाकायच्या कोरड्या चाऱ्याचे मिश्रण दीड ते दोन किलो न्या. भिजवायचे काठावरच.

पेगवर आल्यावर

सामान खाली ठेवून पाच मिनिटे नुसते पाणी बघा. उन्हाळ्यात मासा ऑक्सिजनच्या मागे असतो, म्हणून आधी पाणी कुठे ढवळले जाते ते शोधा: दगडांवरून फेसाळत उतरणारी धार, बंधाऱ्याखालचा खळाळ, ओढा येऊन मिळतो ती जागा. त्यानंतर सावली. पाण्यावर झुकलेल्या झाडाखाली मासा भर दुपारीही थांबतो. वाहत्या आणि संथ पाण्याच्या मधली शिवण बघा. वर फेसाची किंवा पालापाचोळ्याची रेघ दिसते तीच ती. मासा संथ बाजूला विसावतो आणि धारेतून येणारे टिपतो. हिवाळ्यात हमखास देणारा संथ, खोल कोपरा कडक उन्हात ओस पडलेला असू शकतो.

बैठक काठापासून शक्य तितकी मागे आणि खाली मांडा. पाणी नितळ आहे, उभी आकृती आणि तिची सावली माशाला लांबून दिसते. पेटी रोवताना, छत्रीचा खुंट ठोकताना आपटाआपट नको. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि काठाला बसलेला हादरा पाण्यात उतरतो.

आता ओळंबा. गळाला छोटे वजन अडकवून फ्लोटची खोली तळाला टेकेपर्यंत जुळवायची. एका जागी नाही, तर फ्लोट जिथून जिथे वाहणार त्या सगळ्या पट्ट्यात, मीटर-मीटरला. अर्ध्या मीटरची खळगी सापडली तर ती लक्षात ठेवा, मासा तिथेच खाली मान घालून खात असतो. रॉडवर टोकापासून मुठीकडे मोजून मेणखडूने खोलीची खूण करून ठेवा. फ्लोट सरकला किंवा नवी मांडणी करावी लागली तर पुन्हा मोजत बसावे लागत नाही.

फ्लोट कुठला लावायचा ते वारा ठरवतो. वारा प्रवाहाच्या उलट किंवा पाठीमागून असेल तर दोन्ही टोकांना दोरी धरलेला स्टिक फ्लोट, कारण त्याला मागे रोखता येते. वारा प्रवाहाबरोबर वाहत असेल तर फक्त खालच्या टोकाला दोरी जोडलेला वॅगलर, आणि दोरी पाण्याखाली बुडवलेली. उलट केले तर वारा दोरीचा फुगा करून फ्लोट ओढत नेतो, आमिष तळावरून पळते आणि एकही मासा तोंड लावत नाही. दोरीवर वजनाला लावायचे छर्रे लहान घ्या, सारख्या अंतरावर माळेसारखे लावा आणि शेवटचा सर्वांत लहान ठेवा. हिशेबाला उपयोगी म्हणून: बीबी मापाचा छर्रा ०.४ ग्रॅमचा, एएए मापाचा ०.८ चा. काही देशांत शिशाच्या छर्‍यांवर बंदी आहे, त्यामुळे टंगस्टन किंवा तत्सम बिनविषारी वजनेच घेतलेली बरी.

चारा दोनदा भिजवायचा. पहिल्यांदा थोडे पाणी घालून हलवून वीस मिनिटे ठेवा. कोरडे कण पाणी पितात आणि मिश्रण पुन्हा कोरडे वाटते. मग पुन्हा थोडे पाणी घालून चाळणीतून काढा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने ढकलल्यावर फुटावा, इतका ओलावा बरोबर. भांड्यावर ओले फडके टाकून ठेवा. उघडे राहिले तर उन्हात अर्ध्या तासात वरचा थर सुकतो, फीडरमधले दाणे हवेतच उडतात आणि चारा भलतीकडे पडतो. सुकला तर फवाऱ्याने पाणी मारा, ओतू नका.

पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत

फ्लोटवर बसलात तर नियम एकच: दर खेपेला चिमूटभर. दहा-पंधरा अळ्या आधी, मग फ्लोट. पण नेमक्या कुठे टाकायच्या? काठाजवळच्या नितळ पाण्यात चार अळ्या टाका आणि त्या तळाला जाईपर्यंत मनात आकडे मोजा. तेवढ्या खोलीला सात आकडे लागले आणि तुमच्या ओळीत पाणी तिप्पट खोल असेल तर एकवीस आकडे. तेवढ्या वेळात फ्लोट वाहत किती पुढे जातो ते पाहा, आणि चारा तितकाच वरच्या अंगाला टाका. हा हिशेब न करता टाकलेल्या अळ्या तुमच्या पेगमधून वाहून शेजाऱ्याच्या पेगमध्ये मासे जमवतात. नवख्यांचे वजन घटण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

फ्लोट वाहताना मधूनमधून हलकेच रोखा. आमिष फ्लोटच्या पुढे झुलते आणि किंचित वर उचलले जाते. बऱ्याचदा मासा याच क्षणी ओढतो. तळाशी मासे लागायचे थांबले आणि मधल्याच पाण्यात मासा चमकताना दिसला तर खोली अर्धा मीटर कमी करा. उन्हात मासा तळ सोडून वर येतो, विशेषतः वरून सतत अळ्या पडत असतील तर.

फीडरवर बसलात तर २० ते ४० ग्रॅमच्या दरम्यानचे वजन निवडा. तळाला जेमतेम टिकणारे, फार जड नको. फीडर दोरीवर सरकता ठेवा. दोरी वर कुठे तुटली तर मासा फीडर ओढत न फिरता त्यातून सुटला पाहिजे. किंचित वरच्या अंगाला टाका, मग दोन-तीन मीटर दोरी सैल सोडून प्रवाहात तिचा बाक होऊ द्या. मासा आमिष उचलतो तेव्हा फीडर सुटतो आणि रॉडचे वाकलेले टोक एकदम सरळ होते. तीच ओढ. सुरुवातीला पाच-सहा वेळा पटापट टाकून तळाशी थोडा चारा बसवा, मग दर चार-पाच मिनिटांनी. प्रत्येक वेळी तीच जागा साधायला दोरी ठरावीक लांबीवर अडकवणाऱ्या रीलच्या क्लिपचा उपयोग होतो, पण मोठा मासा पळाला की क्लिपशी दोरी खटकन तुटते. फीडर तळाला बसला की दोरी क्लिपमधून सोडवून घेण्याची सवय लावा.

ऊन चढले की ओढ मंदावते. इथे बहुतेक जण घाबरून चारा वाढवतात, आणि पेग इथेच मरतो. पचनालाही ऑक्सिजन लागतो. गरम पाण्यात पोट भरलेला मासा बाजूला होऊन थांबतो, आणि तळाशी पडून राहिलेला चारा सडताना आहे तोही ऑक्सिजन खातो. मासा लागायचा थांबला की चारा निम्म्यावर आणा. अळ्या पंधरावरून सहा, फीडर लहान, गळावर दोनऐवजी एकच अळी. पलीकडच्या काठाची सावली किंवा धारेचा मधला भाग आजमावा. शेवटच्या तासात पुन्हा हळूहळू वाढवा.

मासा लागल्यानंतरचे एक मिनिट

झुंजताना माशाच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते आणि ते निवळायला ऑक्सिजन लागतो. गार पाण्यात तो मासा बहुधा सावरला असता. कोमट पाण्यात तो पोहत गेलेला दिसतो आणि काही तासांनी मरू शकतो, आपल्या नजरेआड. म्हणून रॉड खाली, बाजूला धरून ताण सतत ठेवा, लवकर काठाला आणा. लांब दांड्याची जाळी आधीच पाण्यात बुडवून ठेवलेली हवी.

हात ओले करूनच माशाला स्पर्श करा. कोरडा, तापलेला तळवा त्याच्या अंगावरचा चिकट थर ओढून काढतो आणि तिथे बुरशी धरते. चटई उन्हात तापून चटका देण्याइतकी गरम होते, तिच्यावर मासा ठेवण्याआधी पाण्याचा मग ओता. गळ बाहेर दिसत असेल तर बोटांनी, आत असेल तर डिसगॉर्जरने, म्हणजे गळ काढायच्या बारीक दांडीने, आल्या वाटेने मागे ढकलून काढा. फार खोल असेल तर दोरा तोंडाशी कापा, ओढू नका. पाण्याबाहेरचा वेळ तीस सेकंदांच्या आत. मासा उचलताना स्वतःचा श्वास रोखून धरा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की तो पाण्यात गेलेला असावा.

बार्बेलसारखे धारेत राहणारे दमदार मासे शेवटच्या श्वासापर्यंत झुंजतात. त्यांना उन्हाळ्यात कीपनेटमध्ये अजिबात ठेवू नये. निरीक्षकाला बोलावून जागीच वजन करून सोडावे. सोडताना नुसते पाण्यात टाकले तर ते उलटे होतात आणि वाहून जातात. गुडघाभर, सुरक्षित वाहत्या पाण्यात उतरून तोंड प्रवाहाकडे करून, एक हात शेपटीच्या मुळाशी सैल आणि दुसरा पोटाखाली, असे सरळ धरून ठेवा. मागेपुढे ढकलू नका, कारण मागे ओढताना कल्ल्यांतून पाणी उलटे जाते. कल्ले आधी भरभर हलतात, मग एका लयीत येतात, शेपटी ताठ होते आणि मासा हातातून स्वतः निघून जातो. याला दहा मिनिटे लागली तरी द्यावीत. त्यापायी दोन-चार मासे कमी मिळाले तरी चालेल.

कीपनेट

उन्हाळी स्पर्धेत मासे मरतात ते बहुतेक इथेच. कीपनेट गाठीविरहित मऊ जाळीचे, किमान अडीच ते तीन मीटर लांब, रुंद कड्यांचे हवे. पूर्ण ताणून, प्रवाहाच्या दिशेत, किमान दोन-तृतीयांश पाण्याखाली. टोकाला खुंट किंवा वजन, नाहीतर प्रवाहात ते गोळा होते आणि मासे एका कप्प्यात दबतात. काठालगतच्या उथळ, थांबलेल्या पाण्यात कधीही नाही. ते पाणी सर्वांत आधी तापते आणि तिथे नवे पाणी येतही नाही. पेगमध्ये सावली असेल तर ती आधी कीपनेटला द्या, मग स्वतःच्या डोक्याला.

एका कीपनेटमध्ये किती? बरेच क्लब वीस-पंचवीस किलोची मर्यादा ठेवतात. कडक उन्हात ती निम्मी धरावी, आणि दोन कीपनेट न्यावीत. मासे वरून टाकू नका, तोंड पाण्याजवळ झुकवून आत सरकवा. किती झाले ते बघायला उचलून बघायचे नाही. उचलले की मासे एकमेकांवर आदळतात आणि खवले निघतात.

धोक्याची खूण ओळखा: मासे वर येऊन तोंड उघडून हवा घेऊ लागले, एका कुशीवर कलंडू लागले, हात लावला तरी हलेनासे झाले. यांतले काहीही दिसले की लगेच निरीक्षकाला हाक मारून मधेच वजन करून घ्या आणि सोडा. शहाणे आयोजक कडक उन्हात दर दोन तासांनी असे मधले वजन स्वतःच ठेवतात.

आयोजनात हात लावायचा असेल तर

नवख्यांना क्लब बहुधा पेग आखायला आणि वजनकाट्यावर मदतीला बोलावतो, म्हणून हेही माहीत हवे. उन्हाळ्यात स्पर्धा पहाटे सुरू करून दहा-अकराच्या आत संपवणे माणसांसाठी चांगले. पण पाणवनस्पती आणि शेवाळ माजलेल्या संथ नदीत ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो पहाटेलाच, कारण वनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि रात्रभर तो वापरतात. म्हणून सूर्योदयाला पाण्यात तापमापी आणि जमल्यास ऑक्सिजनमापक बुडवा. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली बऱ्याच माशांवर ताण येतो, ३ च्या खाली जीव धोक्यात येतो. ट्राउटसारख्या थंड पाण्यातल्या माशांच्या नदीत २० अंशांपुढे पकडून सोडणेही टाळावे. ढगाळ, कोंदट रात्रीनंतर किंवा वळवाचा जोरदार लोंढा येऊन गेल्यावर आकडे खास तपासा. आकडे वाईट असतील तर कीपनेटशिवाय स्पर्धा घ्या: मासा लागला, काट्यावर चढवला, चिठ्ठीवर लिहिला, सोडला. तीही जमत नसेल तर पुढे ढकला.

वजनाला दोन काटे ठेवा आणि दोन्ही टोकांकडून या. एकच काटा असला तर शेवटच्या पेगवरच्या माशांना तासभर जास्त थांबावे लागते. काटा समोर आल्याशिवाय कीपनेट पाण्यातून उचलायचे नाही. वजनाची झोळी आधी ओली करा, ओल्या झोळीसकट काटा शून्यावर आणा, मासे अलगद ओता, आकडा मोठ्याने वाचा, शेजारच्या स्पर्धकाने बघून चिठ्ठीवर सही करावी. मग झोळी पाण्यात टेकवून उघडा. फोटोसाठी मासे हवेत धरून ठेवणे उन्हात नकोच.

स्वतःला सांभाळा

दर पंधरा-वीस मिनिटांनी कपभर पाणी, तहान लागण्याची वाट न पाहता. पाण्यावरून परतणारे ऊन हनुवटीखालूनही भाजते, म्हणून रुंद कडांची टोपी, पूर्ण बाह्या आणि पोलराइज्ड चष्मा. सनस्क्रीन दर दोन तासांनी लावा, पण बोटांच्या टोकांना लागू देऊ नका. डास पळवणाऱ्या औषधातले डीईईटी तर प्लास्टिकही खाते, रीलवर नको आणि अळ्यांच्या डब्यात तर नकोच. हाताच्या मागच्या बाजूने लावा, आमिषाला हात लावण्यापूर्वी बोटे धुवा.

डोके दुखणे, चक्कर, गोळे येणे, मळमळ हे दिसले की सावलीत या, पाणी प्या, अंग ओले करा. शेजारचा बरळू लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला तर तो उष्माघात आहे. रॉड टाकून तातडीची वैद्यकीय मदत बोलवा आणि मदत येईपर्यंत त्याच्या अंगावर पाणी ओतत वारा घाला. शिट्टीची वाट बघू नका.

कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. डोक्यावरच्या विजेच्या तारांपासून ३० मीटरच्या आत रॉड उभा करू नका. तसा पेग वाट्याला आला तर आयोजकांना सांगा, तो पेग बाद झाला पाहिजे. दुपारी गडगडाट सुरू झाला की रॉड आडवा ठेवून काठापासून आणि झाडांपासून दूर व्हा.

बोटाला चीर असेल तर जलरोधक पट्टी लावा. उंदरांच्या मुत्राने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आणि अंगदुखी आली तर डॉक्टरांना नदीत हात घातल्याचे आवर्जून सांगा. पाण्यावर हिरव्या रंगाचा थर, सांडलेल्या रंगासारखा, दिसला तर त्याला हात लावू नका. तो निळ्या-हिरव्या शैवालाचा असू शकतो आणि त्यातले काही प्रकार विषारी असतात.

रविवार

शनिवारी संध्याकाळी तीन कामे उरतात. राहिलेल्या अळ्या पुन्हा चाळून, कोरडे पीठ घालून गारव्यात ठेवा. भिजवलेला चारा आंबट वासाचा झाला असेल तर टाकून द्या, पण नदीत नाही. मुख्य दोरीचे शेवटचे दोन मीटर कापून टाका, दिवसभर दगडांवर घासून ती खरबरीत झालेली असते.

रविवारी पेग नवा असतो, पण नदी तीच. शनिवारी कुणाला किती खोलीत, धारेच्या कुठल्या बाजूला, किती वाजेपर्यंत मासे लागले हे वजनाच्या वेळी काट्यामागून चालत जाऊन विचारा, सांगतात. आणि लक्षात ठेवा की शनिवारी पकडून सोडलेले मासे याच पाण्यात दमलेले आहेत, त्यामुळे रविवारी सुरुवातीपासूनच चारा निम्मा आणि आमिष लहान.

घरी पोहोचल्यावर कीपनेट, दांड्याची जाळी आणि झोळी स्वच्छ धुऊन खडखडीत उन्हात पूर्ण ताणून वाळवा, शिवणी आणि कड्यांच्या आतला ओलावा जाईपर्यंत. ओल्या जाळीतून माशांचे रोग आणि परक्या वनस्पतींचे तुकडे एका नदीतून दुसरीकडे जातात. जाळी हाताला ओलसर लागत असेल तर ती पुढच्या पाण्यावर नेऊ नका.